ग्रेनोबलचे क्ष-किरण आणि भारतीय संशोधक

फ्रान्समधील ग्रेनोबल येथील ‘युरोपियन सिंक्रोट्रॉन रेडिएशन फॅसिलिटी’ अर्थात ‘ईएसआरएफ’ हे जगातील आघाडीच्या क्ष-किरण केंद्रांपैकी एक. युरोपीय देशांनी एकत्र येऊन उभारलेल्या या केंद्राशी भारताने २०१७ मध्ये सहकार्याचा करार केला आणि प्रथिनांच्या रचनेचा अभ्यास करणाऱ्या भारतीय संशोधकांना तेथे हक्काचा वेळ मिळाला. भारताचा हा वाटा होता ०.६६ टक्के. आकडा लहान असला, तरी त्यामागे भारतीय स्फटिकशास्त्राची अर्धशतकाहून अधिक काळाची परंपरा आहे. शिवाय, अत्याधुनिक क्ष-किरणांसाठी भारताने परदेशांतील केंद्रांत वाटा घेत राहायचे की स्वतःचा स्रोत उभारायचा, हा प्रश्नही त्यात दडलेला आहे. भारतीय संशोधक आणि सिंक्रोट्रॉन यांच्या नात्याचा हा आढावा.

सिंक्रोट्रॉन म्हणजे काय?

विल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावला. या किरणांची तरंगलांबी पदार्थातील अणूंमधल्या अंतराएवढी असते. त्यामुळे एखाद्या स्फटिकावर क्ष-किरण सोडले, की ते ठरावीक दिशांना विखुरतात आणि त्या ठिपक्यांच्या नक्षीवरून आतील अणूंची मांडणी गणिताने काढता येते. विल्यम हेन्री ब्रॅग आणि लॉरेन्स ब्रॅग या पितापुत्रांनी ही पद्धत विकसित केली आणि त्याबद्दल त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मिठाच्या खड्यापासून डीएनएपर्यंत अनेक पदार्थांचे अंतरंग याच मार्गाने उलगडले.

प्रयोगशाळेतील नळीतून मिळणारे क्ष-किरण मात्र क्षीण असतात. प्रथिनांचे स्फटिक बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असतात आणि त्यांच्यातून होणारे विकिरण अगदी मंद असते. त्यासाठी फार प्रखर किरण लागतात. हे काम सिंक्रोट्रॉन करतो. इलेक्ट्रॉनांना जवळपास प्रकाशाच्या वेगाने एका निर्वात कड्यात फिरवत ठेवले आणि चुंबकांच्या साह्याने त्यांचा मार्ग वळवला, की प्रत्येक वळणावर ते प्रारण बाहेर टाकतात. हे प्रारण १९४७ मध्ये अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत एका कणत्वरकात प्रथम डोळ्यांना दिसले. कणभौतिकीच्या अभ्यासकांना प्रारंभी ही ऊर्जेची निव्वळ गळती वाटत असे. पुढे रसायनशास्त्रज्ञ, जीवशास्त्रज्ञ आणि धातुशास्त्रज्ञांनी याच गळतीचा उपयोग करून घेतला आणि केवळ त्यासाठी स्वतंत्र यंत्रे उभी राहू लागली.

कड्याला स्पर्शरेषेप्रमाणे जोडलेल्या ज्या मार्गिकांतून हे किरण प्रयोगाच्या खोलीपर्यंत पोहोचतात, त्यांना ‘बीमलाइन’ म्हणतात. प्रत्येक बीमलाइन वेगळ्या कामासाठी बांधलेली असते. एकीवर प्रथिनांचे स्फटिक तपासले जातात, दुसरीवर प्रचंड दाबाखालील खनिजे, तर तिसरीवर बॅटरीतील रसायने किंवा लक्षावधी वर्षांपूर्वीचे जीवाश्म.

नद्यांच्या संगमावरचे कडे

ईएसआरएफ हे केंद्र द्राक आणि इझेर या नद्यांच्या संगमापाशी उभे आहे. न्यूट्रॉन-संशोधनासाठी प्रसिद्ध असलेली लाउए-लांजव्हँ संस्था आणि युरोपीय रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेची (ईएमबीएल) शाखा याच परिसरात आहे. केंद्राच्या उभारणीचा आंतरराष्ट्रीय करार १९८८ मध्ये झाला आणि १९९४ मध्ये ते संशोधकांसाठी खुले झाले. कठीण, म्हणजे अधिक भेदक क्ष-किरणांचे हे तिसऱ्या पिढीतील पहिले केंद्र होय. त्याच्या कड्याचा परीघ ८४४ मीटर असून त्यात ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सेकंदाला साडेतीन लाखांहून अधिक फेऱ्या मारतात.

सुमारे पाव शतक चाललेले हे यंत्र डिसेंबर २०१८ मध्ये थांबवण्यात आले. त्याच बोगद्यात, त्याच परिघावर, चुंबकांची नवी मांडणी असलेले कडे बसवण्यात आले. सुमारे १५ कोटी युरो खर्चाचा हा प्रकल्प पूर्ण होऊन ऑगस्ट २०२० मध्ये, कोरोनाच्या साथीतच, केंद्र पुन्हा सुरू झाले. चौथ्या पिढीतील उच्च ऊर्जेचे हे जगातील पहिले सिंक्रोट्रॉन ठरले. इलेक्ट्रॉनांचा झोत किती पसरट आहे हे सांगणारे माप ४ नॅनोमीटर-रेडियनवरून ०.१३ इतके खाली आले. झोत जितका बारीक, तितके किरण एकवटलेले. त्यामुळे किरणांची प्रखरता सुमारे शंभर पटींनी वाढली.

वाट्याप्रमाणे वेळ

अशा केंद्रांचा कारभार खर्चाच्या वाटणीवर चालतो. प्रत्येक सहभागी देश ठरलेल्या टक्केवारीने वार्षिक खर्च उचलतो. फ्रान्स आणि जर्मनी यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. पूर्ण सदस्य देशांखेरीज ‘वैज्ञानिक सहयोगी’ असा एक वर्ग आहे. हे देश लहान वाटा उचलतात आणि त्यांचे करार ठरावीक मुदतीचे असतात. ऑस्ट्रिया, पोर्तुगाल, इस्रायल आणि दक्षिण आफ्रिका हे देश याच मार्गाने केंद्राशी जोडले गेले.

प्रयोगासाठी वेळ हवा असलेल्या संशोधकाला आधी प्रस्ताव सादर करावा लागतो. त्या विषयातील तज्ज्ञांची समिती गुणवत्तेनुसार प्रस्तावांची क्रमवारी लावते. वेळ आठ-आठ तासांच्या पाळ्यांत दिला जातो. कडे अहोरात्र चालत असल्याने पाळी रात्री दोन वाजताही येऊ शकते. निष्कर्ष प्रसिद्ध करण्याची तयारी असेल, तर बीमलाइनसाठी शुल्क पडत नाही. निष्कर्ष गुप्त ठेवू इच्छिणाऱ्या औषध कंपन्यांना मात्र पैसे मोजावे लागतात. निवड गुणवत्तेवर होत असली, तरी दीर्घ काळात एखाद्या देशाच्या संशोधकांना मिळणारा एकूण वेळ त्या देशाने उचललेल्या खर्चाच्या प्रमाणात राहावा, असे सूत्र आहे. या सूत्राने ०.६६ टक्के म्हणजे दर हजार तासांमागे साधारण साडेसहा तास.

रामचंद्रन यांचा वारसा

हे तास वापरू शकणारा संशोधकवर्ग भारतात आधीपासून होता. मद्रास विद्यापीठात जी. एन. रामचंद्रन यांनी गोपीनाथ कार्था यांच्यासह १९५४ मध्ये कोलॅजेन या प्रथिनाची तिपेडी रचना मांडली. त्वचा, अस्थी आणि स्नायुबंध यांना बळकटी देणारे प्रथिन ते हेच. प्रथिनांच्या साखळीला कोणती वळणे घेता येतात आणि कोणती नाहीत, हे दाखवणारा ‘रामचंद्रन आलेख’ त्यांनी सहकाऱ्यांसह १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. आजही जगात कोठेही नव्या प्रथिनाची रचना निश्चित झाली, की ती या आलेखावर पडताळून पाहिली जाते.

ऑक्सफर्ड येथे डोरोथी हॉजकिन यांच्या चमूने १९६९ मध्ये इन्शुलिनची रचना उलगडली, तेव्हा त्यात एम. विजयन हे तरुण भारतीय संशोधक होते. मायदेशी परतल्यावर त्यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रथिन-स्फटिकशास्त्राची शाखा रुजवली. शेंगदाण्यातील लेक्टिन या प्रथिनापासून क्षयरोगाच्या जिवाणूतील प्रथिनांपर्यंत त्यांच्या गटाने काम केले आणि त्यांच्या हाताखाली संशोधकांच्या पिढ्या घडल्या. महाराष्ट्रातही मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्र, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राची कर्करोग संशोधन संस्था आणि पुण्यातील आयसर यांसारख्या ठिकाणी या विषयाचे गट उभे राहिले.

त्याच सुमारास जगभरात हा विषय प्रयोगशाळेतील नळीकडून सिंक्रोट्रॉनकडे वळला. पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या रायबोसोमची रचना उलगडल्याबद्दल २००९ चे रसायनशास्त्राचे नोबेल वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अदा योनाथ यांना मिळाले. या शोधांमागे अनेक देशांतील सिंक्रोट्रॉन होते व ईएसआरएफ त्यांपैकी एक. तमिळनाडूत जन्मलेले आणि बडोद्यात पदवी घेतलेले रामकृष्णन यांचे हे संशोधन केंब्रिजमधील प्रयोगशाळेतून झाले. सिंक्रोट्रॉन सहज उपलब्ध असणे हे अशा कामासाठी किती मोलाचे असते, ते या निमित्ताने भारतातही ठळकपणे दिसले.

बीएम-१४ पासून सुरुवात

ग्रेनोबलमध्ये भारतीयांचा संघटित प्रवेश २०१७ च्या करारापूर्वीच झाला होता. ईएसआरएफमधील ‘बीएम-१४’ ही प्रथिन-स्फटिकांची बीमलाइन २०१० च्या सुमारास ईएमबीएल, ईएसआरएफ आणि भारत सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या भागीदारीत चालू लागली. त्यातून देशभरातील गटांना तेथे नियमित वेळ मिळू लागला.

या बीमलाइनचे वैशिष्ट्य म्हणजे क्ष-किरणांची तरंगलांबी हवी तशी बदलता येणे. विकिरणाच्या ठिपक्यांवरून किरणांची तीव्रता कळते, परंतु त्यांची कला, म्हणजे तरंगांचा एकमेकांशी असलेला मेळ, कळत नाही. आणि ती कळल्याखेरीज रचना काढता येत नाही. स्फटिकशास्त्रातील ही जुनी अडचण आहे. त्यावर एक उपाय असा, की प्रथिनातील गंधकाच्या जागी सेलेनियमचे अणू बसवायचे आणि सेलेनियम ज्या तरंगलांबीला क्ष-किरण शोषू लागतो, तिच्या आगेमागे मोजमापे घ्यायची. त्या फरकांवरून कलेचा हिशेब मांडता येतो. हे काम प्रयोगशाळेतील नळीवर होत नाही, कारण तिची तरंगलांबी ठरलेली असते.

बीएम-१४ च्या अनुभवानंतर २०१७ मध्ये पुढचे पाऊल पडले. जैवतंत्रज्ञान विभागाच्या वतीने फरिदाबाद येथील प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्राने ईएसआरएफशी करार केला आणि भारत हा या केंद्राशी जोडला गेलेला बाविसावा देश ठरला. एका बीमलाइनऐवजी केंद्रातील संरचनात्मक जीवशास्त्राच्या विविध बीमलाइन त्यामुळे भारतीयांना खुल्या झाल्या.

एका स्फटिकाचा प्रवास

ग्रेनोबलमधील काही मिनिटांच्या मोजमापामागे भारतातील प्रयोगशाळेत महिन्यांचे, कधी वर्षांचे श्रम असतात. हवे ते प्रथिन जिवाणूंच्या पेशींत तयार करून घ्यायचे, शुद्ध करायचे आणि शेकडो द्रावणांत थेंबाथेंबाने ठेवून कोणत्या मिश्रणात स्फटिक वाढतात ते पाहायचे. अनेकदा काहीच वाढत नाही. वाढलेच, तरी ते चांगले विकिरण देतील याची शाश्वती नसते. म्हणून स्फटिक प्रथम प्रयोगशाळेतील यंत्रावर तपासला जातो आणि त्यातून निवडक स्फटिकच पुढे पाठवले जातात.

प्रखर क्ष-किरणांत स्फटिकाची नासाडी होते. ती मंदावण्यासाठी उणे १७३ अंश सेल्सियसच्या आसपास थंड वायूच्या झोतात मोजमाप केले जाते. त्यासाठी सूक्ष्म फाशात अडकवलेले स्फटिक भारतातच द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवले जातात आणि नायट्रोजन शोषून धरणाऱ्या खास पात्रातून विमानाने रवाना होतात. पात्रातील थंडावा दिवसांच्या हिशेबानेच टिकतो. कागदपत्रांतील एखादी त्रुटी किंवा सीमाशुल्क कार्यालयातील खोळंबा वर्षभराच्या कामावर पाणी फिरवू शकतो.

पूर्वी पात्राबरोबर संशोधकही प्रवास करीत. पुढे स्फटिक बसवण्याचे काम यंत्रमानवाकडे आले आणि संशोधक आपल्या प्रयोगशाळेतील संगणकावरून बीमलाइन चालवू लागले. कोरोनाच्या काळात हीच पद्धत सर्वांना उपयोगी पडली. विमानप्रवासाचा खर्च वाचतो, हा तिचा फायदा. परंतु यंत्राशेजारी उभे राहून, तेथील तज्ज्ञांच्या सहवासात जे शिक्षण होते, त्याला नवे विद्यार्थी मुकतात.

घरचा स्रोत : इंदूर

भारताचे स्वतःचे सिंक्रोट्रॉन इंदूरला आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-१’ हे ४५० मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे छोटे यंत्र १९९९ मध्ये कार्यान्वित झाले. त्यापाठोपाठ २.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे आणि सुमारे १७२ मीटर परिघाचे ‘इंडस-२’ २००५ मध्ये सुरू झाले. ही यंत्रे भारतीय शास्त्रज्ञांनी आणि अभियंत्यांनी देशातच उभारली. ‘इंडस-२’ वरील अनेक बीमलाइन भाभा अणुसंशोधन केंद्राने बांधल्या असून प्रथिन-स्फटिकांची बीमलाइनही त्यांपैकीच आहे.

चांगले, पुरेसे मोठे स्फटिक असतील, तर इंदूरला काम होते. विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी आणि स्फटिकांच्या निवडीसाठी तर हे केंद्र अत्यंत उपयुक्त आहे. अडचण येते ती स्फटिक फारच सूक्ष्म असतात तेव्हा, किंवा पेशीच्या आवरणातील प्रथिनांसारखे अवघड विषय हाताळायचे असतात तेव्हा. त्यांना लागणारा मायक्रोमीटरच्या मापाचा प्रखर झोत ‘इंडस-२’ च्या पिढीतील यंत्राकडून अपेक्षिता येत नाही. त्यामुळे इंदूर आणि ग्रेनोबल यांच्यातील नाते चढाओढीचे कमी आणि पायऱ्यांचे अधिक आहे. घरी तयारी करायची आणि शेवटचे अवघड मोजमाप परदेशी करायचे, ही अनेक गटांची रीत बनली.

चार देशांत चार दारे

ग्रेनोबल हे भारताने उघडलेले एकमेव दार नव्हे. जपानमधील त्सुकुबा येथील ‘फोटॉन फॅक्टरी’त कोलकात्याच्या साहा अणुभौतिकी संस्थेच्या पुढाकाराने भारतीय बीमलाइन उभी राहिली. जर्मनीत हॅम्बुर्ग येथील २,३०४ मीटर परिघाच्या ‘पेट्रा-३’ या यंत्रावर भारतीयांना वेळ मिळावा, यासाठी विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने करार केला. इटलीतील त्रिएस्ते येथील ‘एलेत्रा’ केंद्रात उच्च दाबाखालील पदार्थ आणि प्रथिन-स्फटिक यांच्यासाठीच्या दोन बीमलाइन भारतीय भागीदारीतून बांधल्या गेल्या.

या व्यवस्थेचे लाभ उघड आहेत. नवे कडे बांधण्यासाठी लागणारा प्रचंड खर्च न करता भारतीय संशोधकांना जगातील उत्तम किरण मिळाले आणि वेगवेगळ्या विषयांच्या गटांना आपापल्या गरजेची बीमलाइन गाठता आली. मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. ग्रेनोबलचा करार जैवतंत्रज्ञान विभागाचा, तर हॅम्बुर्गचा विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचा आणि इंदूरचे केंद्र अणुऊर्जा विभागाचे. एका विभागाच्या करारातून दुसऱ्या विषयाच्या संशोधकाला वाट मिळेलच असे नाही. ईएसआरएफच्या ज्या बीमलाइनवर बॅटऱ्या, मिश्रधातू किंवा जीवाश्म तपासले जातात, त्या २०१७ च्या कराराच्या मुख्य कक्षेबाहेर राहिल्या. शिवाय करार मुदतीचे असल्याने निधीला विलंब झाला, की संशोधकाचे वेळापत्रकच कोलमडते. पाच वर्षांचे पीएच.डी.चे काम अशा अनिश्चिततेवर बेतणे सोपे नसते.

सिंक्रोट्रॉनची गरज टिकणार का?

गेल्या काही वर्षांत एक वेगळा आक्षेपही पुढे आला. अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने (क्रायो-ईएम) स्फटिक न वाढवताही मोठ्या रेणूंची रचना दिसू लागली आणि २०१७ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच तंत्राला मिळाले. त्यानंतर ‘अल्फाफोल्ड’ या संगणकीय प्रणालीने प्रथिनातील घटकांच्या क्रमावरून रचनेचा अंदाज वर्तवण्यास सुरुवात केली व २०२४ च्या नोबेलमध्ये त्या कामाचाही गौरव झाला. मग सिंक्रोट्रॉनवर खर्च कशासाठी?

याचे उत्तर औषधनिर्मितीत मिळते. क्षयरोगाच्या जिवाणूतील एखादे विकर रोखणारा रेणू शोधायचा, तर तो विकराच्या खाचेत नेमका कसा बसतो, हे दहा-वीस नव्हे तर शेकडो रेणूंसाठी पाहावे लागते. इतक्या वेगाने आणि इतक्या बारकाईने हे काम आजही प्रामुख्याने सिंक्रोट्रॉनवरच होते. स्वतः ‘अल्फाफोल्ड’ला प्रशिक्षण मिळाले ते १९७१ पासून चालत आलेल्या ‘प्रोटीन डेटा बँक’ या जागतिक संग्रहातील रचनांवर आणि त्यांतील बहुसंख्य रचना क्ष-किरणांनीच उलगडलेल्या आहेत. क्षयरोग व हिवताप यांसारखे आजार भारताच्या जिव्हाळ्याचे असल्याने या साधनावरील हक्काच्या वेळेला येथे वेगळे महत्त्व आहे.

पुढची दिशा

दरम्यान, भारताच्या बरोबरीच्या देशांनी स्वतःची यंत्रे उभारली. चीनने शांघाय येथील ३.५ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे सिंक्रोट्रॉन २००९ मध्ये संशोधकांना खुले केले. कोरोना विषाणूच्या मुख्य विकराची रचना २०२० च्या प्रारंभी चिनी शास्त्रज्ञांनी अल्पावधीत जगासमोर ठेवली, त्यात देशांतर्गत सिंक्रोट्रॉनचा मोठा हातभार होता. चीनने बीजिंगजवळ ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्टचे चौथ्या पिढीतील यंत्रही बांधण्यास घेतले. ब्राझीलने काम्पिनास येथे ‘सिरियस’ हे चौथ्या पिढीतील यंत्र उभारले. साथीच्या काळात सीमा बंद झाल्या, तेव्हा घरच्या यंत्राचे मोल या देशांना कळले.

भारतातही ६ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या उच्च प्रखरतेच्या सिंक्रोट्रॉनची कल्पना इंदूरच्या केंद्राने मांडली आहे. असे यंत्र मंजुरीपासून पहिल्या किरणापर्यंत पोहोचण्यास वर्षे लागतात आणि ते चालवण्यासाठी केवळ अभियंते पुरत नाहीत. उत्तम बीमलाइन कशी असावी हे जाणणारे आणि रात्रीच्या पाळीत बिघाड ओळखणारे संशोधक हवेत, त्याचप्रमाणे पहिल्या दिवसापासून दर्जेदार प्रस्ताव घेऊन येणारे गटही हवेत. असा वर्ग ग्रेनोबल, हॅम्बुर्ग, त्रिएस्ते आणि त्सुकुबा येथील पाळ्यांतूनच घडत आला आहे.

म्हणूनच परदेशातील वाटा आणि देशातील यंत्र यांपैकी एकाची निवड करणे परवडणारे नाही. नवे कडे उभे राहीपर्यंतच्या काळात परदेशी केंद्रांतील हक्काचा वेळ अखंड राहिला आणि तो सर्व विषयांच्या संशोधकांना एकाच खिडकीतून मिळू लागला, तर ग्रेनोबलमधील त्या साडेसहा तासांची गुंतवणूक भारतातील भावी यंत्राच्या कामी येईल. त्यात खंड पडला, तर यंत्र तयार होईल तेव्हा ते वापरणारी पिढी मात्र नव्याने घडवावी लागेल.